मांडवावर न पडलेला पाऊस

आमच्या घरी कॉम्प्युटर आला तेव्हा त्याला ठेवायला जागा नव्हती, आणि पप्पांना ठेवायला एकच जागा होती, म्हणून ते दोघे एकाच खोलीत आले. पप्पा विहिरीच्या पायरीवरून घसरून पायाचं हाड मोडून घेऊन बसले होते. मागच्या खोलीत जायला पायऱ्या उतराव्या लागत, म्हणून त्यांची खाट पुढच्या खोलीत आणली होती. कॉम्प्युटर माझ्या कॉलेजच्या अभ्यासासाठी फेलिक्सकाकाने आखातातून सुट्टीवर येताना आणला. पप्पांच्या या धाकट्या भावाचा असा पक्का समज होता की तो डबा घरात ठेवला की मुलं आपोआप हुशार होतात. पण तीन पिनांचा प्लग आमच्या घरात एकच, तोही पुढच्या खोलीत, अल्तारीखाली, म्हणजे आमच्या देव्हाऱ्याखाली, जिथे देवापुढचा लाल दिवा लावलेला असे. शेजारच्या घरात राहणारी कत्रीनमावशी, म्हणजे मम्मीची थोरली बहीण, दारातूनच म्हणाली, "देवाचा दिवा काढून त्या डब्याला वीज देता? भोगाल." शेवटी तडजोड निघाली. एका बोर्डावर दिवाही लागला आणि कॉम्प्युटरही, पण बटण दोघांत एकच. त्यामुळे मी खेळायला बसले की देवापुढचा दिवा लागायचा, आणि मावशीला तिच्या ओट्यावरून वाटायचं की पोरगी भरदुपारी प्रार्थनेला बसली. त्या वर्षी माझ्या भक्तीची आळीत बरीच वाहवा झाली, आणि ती खोडून काढायची मला कधी गरज वाटली नाही.

घरात आम्ही जी बोली बोलायचो ती दोन गावं सोडून पलीकडच्या माणसाला धड कळत नाही, तेव्हा इथे ती बरंच पाणी घालून लिहिते आहे. आमच्या माणसांनी रागावू नये. आमची वाडी होळी नावाच्या भागात, वसईच्या बाजारापासून सायकलवर जाण्याइतकी लांब. भाजी सगळेच लावत. आमचं घर ओळखलं जायचं ते सुकेळ्यांसाठी. राजेळी केळ्यांचे घड पिकले की केळी सोलायची, अंगणातल्या मांडवावर चटया अंथरून ओळीने मांडायची आणि ऊन खात पडू द्यायची. रोज परतायची, संध्याकाळी झाकायची, सकाळी पुन्हा उघडायची. मधाच्या रंगाची आणि बोटाला चिकटणारी झाली की वाळक्या पानात गुंडाळून बांधायची. ते दिवस आले की सगळ्या अंगणाला गोड वास सुटे, मधमाश्या घोंगावत, आणि येणारा-जाणारा प्रत्येकजण "झाली का?" असं विचारून एक तोंडात टाकूनच पुढे जाई. पण या सगळ्याचा एक वैरी होता, तो म्हणजे अवेळी पडणारा पाऊस. एक सर आली तरी केळी काळवंडतात, बुरशी धरतात, आणि सगळी मेहनत मातीत जाते.

म्हणून आमच्या घरात एक कायदा होता. आभाळ भरून आलं की पप्पा "केळी!" अशी एकच आरोळी ठोकत, आणि ज्याच्या हातात जे असेल ते टाकून त्याने मांडवाकडे धावायचं. रोझरीची प्रार्थना चालू असली तरी धावायचं. अंगाला साबण लावलेला असला तरी धावायचं, हे माझ्या एका चुलत भावाने करून दाखवलं होतं. एकदा अंगणात साखरपुडा चालू होता, आणि आरोळी झाल्यावर नवऱ्याकडची सूट घातलेली माणसंसुद्धा चटया उचलून पळत सुटली. नवऱ्याच्या मामाच्या टायला चिकटलेलं केळं जेवणं होईपर्यंत कुणी त्यांना सांगितलं नाही, कारण सांगणं बरं दिसत नव्हतं.

तर त्या वर्षी हा आरोळी ठोकणारा माणूस खाटेवर होता. प्लास्टर निघालं होतं, हाड जुळलं होतं, डॉक्टर म्हणाले होते की आता उठा, पाय टेकवा, रोज थोडं चाला. नाही टेकवला तर तो असाच आखडेल आणि मग जन्मभर कुणाच्या तरी खांद्याशिवाय चालता येणार नाही. पप्पा मान डोलावून घरी आले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. मम्मीने काठी आणली, ती त्यांनी खाटेखाली सरकवली. रोज सकाळी "आज नको, दुखतंय" आणि रोज संध्याकाळी "उद्या बघू". दुखत असेलही. पण खरी गोष्ट अशी की पप्पांना भीती वाटत होती. ज्या पायरीवर ते लहानपणापासून डोळे मिटून उतरत, तिनेच त्यांना दगा दिला होता, आणि आता त्यांचा सपाट जमिनीवरही विश्वास उरला नव्हता. हे घरात सगळ्यांना कळत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. मम्मी एकटी वाडी, विहिरीचा पंप आणि केळी सांभाळत होती, आणि रात्री तिच्या पाठीला मी तेल चोळायचे.

खेळाची सीडी मला मंदारने दिली. मंदार माझ्या वर्गातला, स्टेशनजवळच्या नव्या इमारतीत राहणारा, मूळचा राजापूरकडचा. खेळाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्यांनी खेळला त्यांना कळेलच, आणि ज्यांनी नाही त्यांना नुसत्या नावाने काय कळणार? समुद्रकाठचं एक अमेरिकन शहर होतं, आणि त्यात आपला माणूस मोकळा सोडलेला. खरं म्हणजे त्याने गाड्या चोरायच्या, माणसं मारायची, गुंडांची कामं करून मोठं व्हायचं. मला बंदुकीचा नेम कधीच साधला नाही. पहिल्या दिवशी मी त्या माणसाला हॉटेलातून बाहेर काढलं, तेव्हा तिथे संध्याकाळ होत होती. आभाळ गुलाबी झालं होतं, माडांच्या सावल्या रस्त्यावर लांब पडल्या होत्या, आणि रस्त्याच्या टोकाला समुद्र होता. कामं राहिली बाजूला, मी नुसती चालत सुटले. कुठेही वळता येत होतं. कुणी "कुठे चाललीस, कधी येणार" असं विचारत नव्हतं. सतरा वर्षांच्या मुलीला याहून मोठा चमत्कार कोणता दाखवणार?

सुरुवातीला पप्पांना त्या डब्याची कटकट वाटायची. मग एका दुपारी मी खेळातल्या वाळूवर उभी होते, आणि खाटेवरून आवाज आला, "समुद्र कुठला हा?"

"अमेरिकेतला, पप्पा. पण खोटा आहे."

पप्पांनी कूस बदलली. बराच वेळ डोळे मिटून ऐकत राहिले. "खोटा कसा? लाट मागं जाताना दम घेते, तेवढा घेतोय की बरोबर." मग त्यांनी डोळे उघडले आणि पडद्याकडे पाहिलं, आणि त्या दिवसापासून आम्ही दोघं रोज फिरायला जाऊ लागलो. खाट थोडी वळवून घेतली, पाठीला उशा लावल्या. मी चालवायचं आणि पप्पांनी सांगायचं. दोन बेटांना जोडणारा पूल होता, त्याला आम्ही भाईंदरच्या खाडीचा पूल म्हणायचो. मोठ्या चौकाचं नाव पारनाका. ज्या गल्लीत कायम भांडणं चालत, तिला पप्पांनी त्यांच्या सासुरवाडीचं नाव दिलं, ते मम्मीला अजून माहीत नाही.

आणि प्रश्न! खेळ बनवणाऱ्या साहेबांना ते प्रश्न ऐकायला मिळायला हवे होते.

"एवढे माड, आनि एकालाबी नारळ नाय. उतरवून घेतले काय?"

"असतील घेतले, पप्पा."

"मग उतरवनारा कुठंय? गावात पानी कुठनं येतं? विहीर तरी दाखव. आनि कुत्रा नाय एक गावात! चोर आले तर भुंकनार कोन?"

"आपणच चोर आहोत, पप्पा."

हे त्यांना मुळीच आवडलं नाही. गाडी चोरली की ते मला परत द्यायला लावत. मी गाडी घेऊन मागे जायचे, तर तो मालक तिथे नसायचाच. चार पावलं पुढे जाऊन मागे वळलं की रस्त्यावरची सगळी माणसं बदललेली, मालक जगातूनच नाहीसा. आम्ही त्याला शोधत गल्लीबोळ पालथे घालायचो. शेवटी पप्पा हताश होऊन म्हणाले, "आपन पाठ फिरवली की हितली मानसं संपतात. इथं हे कच्चं आहे बघ." पण काही गोष्टी त्यांना पक्क्या वाटत. गाडीतला रेडिओ आपण उतरून गेलो तरी आपला बोलत राहायचा, परत येऊन बसलं की पुढचंच काहीतरी चाललेलं असायचं. आणि आभाळ. आभाळावर पप्पांचा फार विश्वास बसला. ढगांचा रंग बदलला की ते उशीवरून मान उचलून म्हणत, "आता येनार बघ." आणि खरंच सर यायची, रस्ते चमकायला लागायचे, दिव्यांची पडछाया पाण्यात दिसायची. मंदारला ही भविष्यवाणी एकदा पाहायला मिळाली. तो तोंडात बोट घालून बघत राहिला आणि मग हळूच मला म्हणाला, "अगं, पण तुम्ही मिशन कधी करणार? गेम पुढे जाणारच नाही असा."

खेळ पुढे कधी गेलाच नाही. त्यानंतर आजवर मी खेळांतली पुष्कळ मोठमोठी जगं फिरले आहे. बर्फाच्या डोंगरांचा एक देश मला फार आवडतो, कारण तिथला लोहार संध्याकाळी दुकान बंद करून घरी जातो, आणि मी पाठीमागून चोरून गेले तर तो खरोखर जेवायला बसलेला सापडतो. एका खेळात घोड्यावरून माळरान तुडवताना चिखलात उमटलेल्या टापा परत येताना तशाच दिसतात. माझे केस रंगवायचे मी सोडून दिलेत, बोटं आखडतात, पण घोडं सुटत नाही. लेक वैतागून म्हणते, "मम्मी, दोन तास झाले नुसती फिरतेयस. स्टोरी पुढे ने ना, किती बोअर करतेस!" तिला चित्र किती खरं दिसतं याचं कौतुक, पानापानावरचं दव मोजत बसते. मी मात्र पप्पांच्या शाळेतली. मी आधी विहीर शोधते. मग पाठ फिरवते आणि पटकन वळून बघते, की मघाची माणसं आहेत ना. जे जग माझ्यावाचून चालू राहतं, ते खरं. बाकीचं सगळं भिंतीवरच्या कॅलेंडरातलं चित्र.

पण हेच मोजमाप खाटेवरच्या माणसाला किती लागू शकतं, ते मी त्या वर्षीच पाहिलं. उन्हाळ्याची पहिली सुकेळी बांधून झाली होती. मम्मी आणि मावशी ओट्यावर बसून वाळक्या पानांचे दोर ओढत होत्या, आणि मावशी मम्मीला शाबासकी द्यायला, पप्पांचं नाव घेऊन म्हणाली, "पास्कू नाय तरी काय अडलं नाय. या वर्षी तर उलट बरी झालीत." खिडकी उघडी होती. पप्पा तेव्हा माझ्याबरोबर खेळातल्या पुलावर होते. थोड्या वेळाने म्हणाले, "बंद कर ते." मग छताकडे बघत, "लीना, त्या गावातली मानसं पाठ फिरवली की संपतात. आपलं गाव तसं नाय. मी हितं पडलोय, तरी केळी वाळतात." मला रडू आलं, आणि रडू आल्याचा राग आला. त्यानंतर त्यांनी आभाळाकडे, खऱ्या किंवा खोट्या, बघायचंच सोडलं. डॉक्टरांकडे जायची तारीखही त्यांनी टाळली. मम्मीच्या चेहऱ्यावर मला पहिल्यांदा धास्ती दिसली, की हा माणूस आता उठणार नाही.

ती दुपार ईस्टरआधीच्या उपासकाळातल्या शुक्रवारची. मांस नाही म्हणून बोंबलाचं कालवण आणि भात झाला होता, पप्पा भिंतीकडे तोंड करून झोपले होते. आदल्या दोन दिवसांत आभाळ जरा भरून येत होतं, त्यामुळे घरात सगळ्यांचेच कान टवकारलेले, पण त्या दिवशी लख्ख ऊन होतं. मांडवावर केळ्यांचा दुसरा घाणा पडला होता. स्वयंपाकघरात वर्षाच्या मसाल्याच्या मिरच्या भाजणं चाललं होतं. ठसका सगळ्या घरात पसरू नये म्हणून मम्मी आणि मावशी दार-खिडक्या लावून, नाकाला पंचे बांधून आत कोंडून घेऊन बसल्या होत्या. मी एकटीच त्या गुलाबी शहरात फिरत होते. आभाळ काळं झालं, पण "आता येनार बघ" म्हणायला कुणी नव्हतं. सर आली. आतून खलबत्त्याचा ठणठणाट येत होता, त्यात पावसाचा आवाज नीट ऐकू येईना, म्हणून मी तो वाढवला. फेलिक्सकाकाने स्पीकर आणले होते ते लग्नाच्या मंडपाला पुरले असते. टेबलाखालच्या ठोकळ्यातून असा गडगडाट झाला की अल्तारीवरची मेणबत्ती आडवी झाली.

"केळी!"

ती आरोळी कित्येक महिन्यांत कुणी ऐकली नव्हती. मी वळेपर्यंत खाट रिकामी होती. माझ्या खुर्चीला धक्का देऊन पांढरी लुंगी दाराकडे गेली. स्वयंपाकघराचं दार धाडकन उघडलं, मिरचीच्या धुरासकट मम्मी आणि मावशी बाहेर पडल्या आणि कुठेही न बघता मांडवाकडे धावल्या. आरोळी झाल्यावर आभाळाकडे बघायचं नसतं, चटया उचलायच्या असतात. मावशीने दोन चटया गुंडाळल्या, मम्मीने ताडपत्री अर्धी ओढली, आणि मग मावशी थांबली, कारण उन्हाने तिचे डोळे बारीक झाले होते.

"पास्कू," ती पंचा खाली ओढून ओरडली, "पाऊस कुठंय?"

घरातून पुन्हा एकदा गडगडलं. दोघींनी घराकडे पाहिलं. दारात पप्पा उभे होते, दोन्ही पायांवर, चौकटीला हात नव्हता. ते आभाळाकडे बघत होते आणि त्यांना काही समजत नव्हतं. मम्मीच्या हातातून ताडपत्री सुटली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. ते मिरचीचं होतं असं ती नंतर कितीतरी वर्षं सांगायची.

मग पप्पांनी खाली पाहिलं. आपले पाय बघून माणूस एवढा घाबरलेला मी त्याआधी पाहिला नव्हता. त्यांनी चौकट घट्ट धरली. "लीना, खुर्ची आन. लवकर."

मी वळले, तेवढ्यात मम्मी म्हणाली, "खुर्ची नको आनूस." तिचा आवाज अगदी रोजचा होता, भाजीवाल्याशी बोलावं तसा. "अहो, इथवर आलाच आहात, तर ती कडेची ओळ तेवढी परतून जा. ताईने मांडलीय, सगळी एकावर एक आलीत. मला बघवत नाय."

कत्रीनमावशीचं तोंड उघडं पडलं. अख्ख्या आळीत तिच्याइतकी सरळ ओळ कुणी मांडत नसे, आणि ती ओळ मी सकाळीच पाहिली होती. ती दोरी धरल्यासारखी होती. मावशीने एकदा मम्मीकडे पाहिलं, एकदा दाराकडे, आणि आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटच्यांदा आलेलं उत्तर गिळून टाकलं. "घाईत मांडली," ती म्हणाली. "मला काय जमत नाय पास्कूसारखं."

पप्पांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात किती जड होता, ते माझ्या खांद्याला अजून आठवतं. अंगण काही मोठं नव्हतं, पण त्या दिवशी ते मला त्या सगळ्या शहराएवढं वाटलं. मध्ये एकदा ते थांबले, घाम पुसला, परत निघाले. मांडवाशी पोचल्यावर त्यांनी बांबू धरला, वाकून ओळ बघितली, आणि एक केळं उचलून उलटं केलं.

"काय अडलं नाय म्हने," ते मावशीकडे न बघता पुटपुटले. "हे मांडनं? एवढं खेटून? वारा कुठनं जानार मधून?" आणि मावशीची ती सरळ ओळ त्यांनी एका टोकापासून मोडायला घेतली. मम्मी मान खाली घालून ताडपत्रीची घडी करत राहिली, आणि ती घडी तिला काही केल्या जमेना. घरातून पावसाचा आवाज येतच होता. पप्पांनी डोकं वर न करता मला हाक मारली, "पोरी, आत जाऊन तो पाऊस बंद कर. केळी भिजतील."

पाऊस मी बंद केला. पप्पा दुसऱ्या दिवशी काठी शोधायला लागले, ती त्यांच्याच खाटेखाली निघाली. पुढे ते कितीतरी वर्षं केळी वाळवत राहिले, थोडे लंगडत, भरपूर कुरकुर करत, आणि मावशीची ओळ दर वेळी मोडत. मावशीने ती मोडू दिली.

आता वाडी दुसऱ्याकडे आहे आणि पप्पा चर्चच्या मागे, माडांच्या सावलीत. त्या माडांना नारळ आहेत, मी बघून घेतलं. हल्लीच्या खेळांतला पाऊस इतका खरा असतो की घोड्याच्या पाठीवरून ओघळताना दिसतो. तो सुरू झाला की लेक म्हणते, मम्मी, आवाज कमी कर. मी वाढवते. थोडा वेळ घोडं थांबवते, आणि दाराकडे बघते.